मधपेटीतील हवा आणि हंगामाचे खाद्य : वाचकांचे प्रश्न

मधमाशीपालनाविषयीची पत्रे या सदराकडे वर्षभर येतात. परंतु सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारलेल्या आढळतात. पेटीत हवा खेळती कशी ठेवावी, ही एक; आणि माश्यांना साखरेचा पाक केव्हा, किती व कसा द्यावा, ही दुसरी. दोन्हींची उत्तरे ऋतूवर अवलंबून आहेत, आणि अडचण अशी की सोलापूरचा ऋतू पुस्तकांतल्या ऋतूशी जुळत नाही. थंड देशांतल्या पुस्तकांत सारी काळजी हिवाळ्याची असते, महाबळेश्वरकडच्या मधपाळांना ती पावसाळ्याची असते, तर सोलापूरच्या मधपाळाची परीक्षा मार्चच्या मध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालते. म्हणून खालील उत्तरे या जिल्ह्याचा उन्हाळा समोर ठेवून लिहिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याच्या) परागीभवनासाठी डाळिंबाच्या बागेत मेलिफेरा (युरोपीय) माश्यांच्या पेट्या आणल्या आणि पुढे तेथेच ठेवल्या. एप्रिल लागल्यापासून दुपारनंतर माश्या प्रवेशद्वाराबाहेर घोसाने लोंबतात. एका पेटीतले नवे पोळे चौकटीतून निखळले आणि मध तळपाटावर वाहिला. हवा जावी म्हणून पेटीला चारही बाजूंनी भोके पाडावीत, की झाकणाखाली काडी घालून ते उचलून ठेवावे? (डाळिंब बागायतदार, सांगोला तालुका)

उत्तर : भोके पाडू नयेत आणि भर उन्हाळ्यात झाकणही उचलून ठेवू नये. हे उत्तर वाचून आपणांस आश्चर्य वाटेल, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, ज्या भागात असतो तेथील तापमान माश्या ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात. बाहेरची हवा २८ अंशांची असेल, तर ती आत आल्याने पेटी थंड होते, हे उघडच आहे. परंतु सांगोल्यात एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवाच ४० अंशांच्या पुढे गेलेली असते. अशा वेळी जितकी अधिक हवा आत येईल, तितकी पेटी अधिक तापेल. मग पेटी थंड करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे पाण्याचे बाष्पीभवन. कामकरी माश्या पाणी आणून त्याचे बारीक थेंब कोषिकांच्या, म्हणजे पोळ्यातल्या खणांच्या, कडांवर पसरतात आणि पंखांनी वारा घालून ते उडवतात. पाणी आणणे हे काम काही माश्यांचे, पसरणे दुसऱ्यांचे आणि वारा घालणे तिसऱ्यांचे, अशी ही साखळी असते. पेटीला चारही बाजूंनी भोके पडली की कोरडा, तापलेला वारा आडवा शिरतो, माश्यांनी कष्टाने आणलेला ओलावा भलतीकडेच उडून जातो, आणि अंडी व कोवळ्या अळ्या सुकण्याची भीती निर्माण होते. अंड्यांना उबेइतकीच दमट हवेचीही गरज असते, ही गोष्ट हवेविषयी बोलताना सहसा विसरली जाते.

माश्यांचा वारा कसा वाहतो, हे एकदा संध्याकाळी पेटीच्या बाजूला बसून पाहावे. प्रवेशद्वाराशी काही माश्या पाय रोवून, जागच्या जागी पंख हलवताना दिसतात. मेलिफेरा माशीचे तोंड त्या वेळी पेटीकडे आणि पोटाचे टोक बाहेर असते, म्हणजे ती आतली गरम हवा बाहेर ओढते. सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव माशी, नेमकी उलटी उभी राहते आणि बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेराच्या पेटीत या माश्या बहुधा दाराच्या एका बाजूला गोळा होतात. त्या बाजूने हवा बाहेर पडते आणि दुसऱ्या बाजूने आत येते. दाराजवळ हलके पीस किंवा कापसाचा धागा धरला, तर हा प्रवाह डोळ्यांना दिसतो. चार नवी भोके पाडली की हा प्रवाह मोडतो. शिवाय प्रत्येक नव्या भोकाला पहारा द्यावा लागतो, आणि मुंग्या, मेणपतंग व दुसऱ्या पेटीतल्या लुटारू माश्या यांना आयती वाट मिळते, ते वेगळेच.

पेटीच्या आतील झाकणाला मधोमध जे जाळीचे छिद्र असते आणि बाहेरील झाकणाच्या बाजूंना ज्या जाळ्या असतात, त्या मात्र मोकळ्या हव्यात. मेलिफेरा माश्यांना एखादी वाट नकोशी झाली की त्या ती राळेने स्वतःच बुजवतात. त्यांनी जाळीचा काही भाग बुजवला असेल, तर तो खरवडून काढण्याची घाई करू नये. आपल्या घराचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा अधिक असतो. सातेरी राळ वापरत नाही, म्हणून तिच्या पेटीतल्या फटी आपणच शेण-मातीने लिंपाव्यात.

आता करायचे काय, ते पाहू. आपल्या भागात उन्हाळ्यातील हवेचा प्रश्न हा निम्म्याहून अधिक सावलीचा प्रश्न आहे. पत्र्याने मढवलेले झाकण दुपारच्या उन्हात हात लावता येणार नाही इतके तापते आणि त्याची झळ थेट खालच्या चौकटींवर उतरते. डाळिंबाचे झाड ठेंगणे, त्याची सावली पेटीला पुरत नाही. बांधावर लिंब किंवा चिंच असेल, तर पेट्या तिच्या पूर्वेकडील अंगाला हलवाव्यात, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली येते. झाड नसेल, तर चार मेढी रोवून वर ज्वारीचा कडबा किंवा उसाचे पाचट घातलेला साधा मांडव करावा. मांडव आणि झाकण यांच्यात किमान दोन-तीन हातांचे अंतर हवे. कडबा किंवा शेडनेट थेट झाकणावर टाकल्याने ऊन अडते खरे, पण तापलेली हवा तेथेच कोंडून राहते. कडब्याखाली माश्यांना धूर देण्याचे धुराडे वापरताना ठिणगीचे भान ठेवावे, हे सांगण्याची गरज नसावी, तरी सांगतो. पेटीचे तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, म्हणजे पश्चिमेचा तापलेला वारा दारातून शिरत नाही. झाकणाला पांढरा रंग द्यावा. प्रवेशद्वारावरची पट्टी काढून दार पूर्ण रुंदीने उघडावे. वसाहत भरगच्च असेल, तर बांधलेल्या पोळ्यांची एक मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) वर चढवावी. मधासाठी नव्हे, तर माश्यांना पांगून बसायला जागा मिळावी म्हणून.

पोळे का निखळले, तेही समजून घ्यावे. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. पोळे नवे असेल, त्यात मध भरलेला असेल आणि चौकटीला तारा ओढलेल्या नसतील, तर ते स्वतःच्याच वजनाने खाली येते. म्हणून मेणपत्रे (पोळ्याचा पाया म्हणून लावायचे मेणाचे पातळ पत्रे) बसवण्यापूर्वी चौकटीला तारा ओढणे येथे ऐच्छिक मानू नये. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत पेटी उघडू नये. उघडलीच, तर चौकट आडवी धरू नये, कारण मऊ पडलेले पोळे हातातच वाकते. निखळलेले पोळे संध्याकाळी काढावे, त्याखाली राणी दबलेली नाही ना ते पाहावे, पिलाव्याचा तुकडा असेल तर तो रिकाम्या चौकटीत सुती दोऱ्याने किंवा केळीच्या सोपटाने बांधून परत ठेवावा, आणि तळपाट पुसून स्वच्छ करावा, नाहीतर त्या मधाच्या वासाने रात्रीतून मुंग्या येतात.

बाहेर लोंबणाऱ्या माश्यांची मात्र चिंता करू नये. आतली गर्दी आणि उष्णता कमी करण्याचा तो त्यांचा उपाय आहे. पहाटेच्या गारव्यातही घोस तसाच राहिला आणि चौकटींच्या खालच्या कडेला राणीच्या कोषिका दिसल्या, तर तो विभाजनाचा, म्हणजे वसाहतीतून एक थवा वेगळा निघण्याचा, विचार समजावा.

आणखी एक. आंबे बहाराची फुले संपल्यावर त्या बागेत माश्यांसाठी फारसे काही उरत नाही. डाळिंबाच्या फुलावर माशी मुख्यतः परागासाठी जाते. मकरंद तेथे बेताचाच. बहार संपताच पेट्या लिंब-करंजाच्या किंवा वेड्या बाभळीच्या आसऱ्याला हलवल्या असत्या, तर निम्मा त्रास वाचला असता.

प्रश्न : शहरात आमच्या गच्चीवर दोन पेट्या आहेत. उन्हाळ्यात माश्या शेजाऱ्यांच्या कूलरवर बसतात आणि तक्रारी येतात. पाण्याचे भांडे ठेवले, तरी त्या तिकडेच जातात. (सोलापूर शहर)

उत्तर : भांडे उशिरा ठेवले गेले असावे. माश्यांनी एकदा पाण्याची जागा हेरली की ती सोडवणे अवघड असते, आणि कूलरची ओली ताटी त्यांना उथळ, पाय टेकायला सोयीची आणि वासाने ओळखू येणारी अशी आदर्श जागा वाटते. म्हणून फेब्रुवारीतच, शेजाऱ्यांचे कूलर माळ्यावरून खाली उतरण्यापूर्वी, गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात मातीचे पसरट परळ ठेवावे. त्यात खडे किंवा विटांचे तुकडे पाण्याच्या वर डोके काढतील असे रचावेत आणि ते एकही दिवस कोरडे पडू देऊ नये. स्वच्छ, ताज्या पाण्यापेक्षा किंचित मातकट वासाचे पाणी माश्यांना लवकर सापडते, म्हणून परळ रोज घासून लख्ख करण्याची आवश्यकता नाही. मात्र डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलावे. सुरुवातीला पाण्यात थोडीशी साखर विरघळवून माश्यांना वाट दाखवता येते, पण माश्या रुळल्या की साखर लगेच बंद करावी. भर उन्हाळ्यात सशक्त मेलिफेरा वसाहतीला दिवसाला लिटरभर पाणीही लागू शकते, तेव्हा वाटीभर पाणी ठेवून भागणार नाही. यंदा माश्या कूलरवर गेल्याच असतील, तर शेजाऱ्यांना ताटीवर मच्छरदाणीची जाळी ताणायला सांगावी. तिचा खर्च आपण करावा आणि हंगामात मधाची एक बाटलीही द्यावी.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे सातेरीच्या पेट्या आहेत. तूर संपली की आजूबाजूला फुले दिसत नाहीत. कोणी गुळाचे पाणी द्यायला सांगते, कोणी उसाचा रस, कोणी बाजारातला मध. नेमके काय, किती आणि कोणत्या महिन्यात द्यावे? मागच्या मे महिन्यात काही वसाहती पेट्या सोडून निघून गेल्या. (महिला बचत गट, बार्शी तालुका)

उत्तर : या तिन्हींपैकी काहीही देऊ नये. गुळात क्षार आणि माशीला न पचणारे पदार्थ असतात. त्याने माश्यांना हगवण लागते आणि पेटीचा दर्शनी भाग तपकिरी शिंतोड्यांनी भरतो. उसाचा रस उन्हाळ्यात काही तासांत आंबतो. रसवंतीच्या बादलीवर आणि साखर कारखान्यांच्या आवारात माश्यांचे थवे दिसतात, यावरून तो त्यांना मानवतो असा निष्कर्ष काढणे चूक आहे. भुकेली माशी काहीही उचलते, आणि त्या बादलीत बुडून मेलेल्या माश्यांचा थरही तेथेच दिसतो. बाजारातला किंवा अनोळखी ठिकाणचा मध तर सर्वांत घातक, कारण त्यातून रोग येतात. फाउलब्रूड या अळ्या कुजवणाऱ्या रोगाचे जंतू मधात वर्षानुवर्षे टिकून राहतात. १९९० च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणुरोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य पेट्या रिकाम्या केल्या. सातेरी पाळणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

द्यायची ती पांढरी, दाणेदार, स्वच्छ साखर. पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, मग त्यात साखर घालून विरघळेपर्यंत ढवळावे आणि पूर्ण निवू द्यावे. एकतारी-दोनतारी पाक काढण्याचा हातचा सराव येथे बाजूला ठेवावा. साखर शिजवली किंवा त्यात लिंबू पिळले, तर तिचे विघटन होऊन माश्यांना अपायकारक द्रव्ये तयार होतात. करपलेला पाक तर टाकूनच द्यावा.

पाकाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे काम वेगळे आहे. एक किलो साखरेला एक लिटर पाणी घेतले की पातळ पाक होतो. तो मकरंदासारखा असल्याने राणीला अंडी घालण्यास चालना मिळते. म्हणून फुलोरा येण्यापूर्वी पाच-सहा आठवडे वसाहत वाढवायची असेल, तेव्हा तो द्यावा. दोन किलो साखरेला एक लिटर पाणी घेतले की घट्ट पाक होतो, आणि तो माश्या साठवून ठेवतात. पुढे टंचाई दिसत असताना शिदोरी म्हणून तो उपयोगी पडतो. उन्हाळ्यात मात्र मी पातळ पाकच पसंत करतो, कारण त्यासोबत पाणीही पोहोचते आणि भरदुपारी माश्यांची एक फेरी वाचते.

महिन्यांविषयी ठरीव वेळापत्रक मागू नये. आपल्या परिसराचे वेळापत्रक आपणच मांडावे. बार्शी भागात तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलते. नंतर रब्बी ज्वारीच्या कणसांवर पराग मिळतो, पण मकरंद नाही. जवळ करडई असेल, तर डिसेंबर-जानेवारी सुखात जातो. कांद्याचे बियाणे घेणारा शेतकरी शेजारी असेल, तर फेब्रुवारी-मार्चही निभतो, मात्र त्याच्या फवारणीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. शेवगा, मग लिंब आणि करंज, ओढ्याकाठची वेडी बाभूळ, मे-जूनमध्ये चिंच, पावसाळ्यात बाभूळ, मका, तीळ, सूर्यफूल, अशी ही साखळी चालू राहते. ती तुटते ती मधल्या पंधरवड्यांत, आणि नेमकी कुठे तुटते, हे प्रत्येक गावात वेगळे असते. आपल्या गटाने एका वहीत दर आठवड्याला फक्त दोन नोंदी कराव्यात : कोणते झाड किंवा पीक फुलावर आहे, आणि माश्या पायांवर परागाच्या गोळ्या आणत आहेत की नाहीत. एका वर्षात आपल्यापाशी कोणत्याही पुस्तकात न मिळणारे पंचांग तयार होईल.

पेट्या सोडून गेलेल्या वसाहतींची चूक मे महिन्यात नव्हे, तर फेब्रुवारीत घडली असावी. सातेरी उपाशीपोटी आणि उकाड्यात फार दिवस तग धरत नाही. घर सोडण्यापूर्वी ती दोन-तीन आठवडे खुणा देते. राणी अंडी घालणे थांबवते, उघड्या अळ्या दिसेनाशा होतात, पिलाव्याभोवतीची मधाची कमान नाहीशी होते आणि पराग येणे बंद पडते. शेवटचा पिलावा बाहेर पडला की वसाहत उडते. म्हणून तुरीनंतर मध काढताना फक्त मधकोठीतलाच मध घ्यावा, खालच्या पिलावाघरातल्या चौकटींना हात लावू नये. तेथला किलोभर मध विकून जे पैसे मिळतात, त्यापेक्षा वसाहत पुन्हा विकत घेण्याचा खर्च कितीतरी जास्त असतो. पेटी मागच्या बाजूने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेण्याची सवय गटातील प्रत्येकीने लावून घ्यावी. पेटी हलकी लागताच पाक सुरू करावा, खुणांची वाट पाहू नये.

सातेरीला एका वेळी २०० ते २५० मिलिलिटर पाक, तीन दिवसांतून एकदा, पुरतो. मेलिफेराला याच्या दुपटी-तिपटीने लागतो. एका रात्रीत संपेल एवढाच ठेवावा, उरला तर सकाळी काढून घ्यावा. पाक नेहमी दिवस मावळल्यावर, पेटीच्या आत आणि आवारातल्या सर्व पेट्यांना एकाच संध्याकाळी द्यावा. दिवसा दिला किंवा जमिनीवर सांडला, तर बलवान वसाहती दुबळ्यांना लुटतात, आणि लूट एकदा सुरू झाली की ती आवरता आवरत नाही. म्हणून या काळात दुबळ्या पेटीचे दार दोन माश्या जातील इतके अरुंद करावे. पाकाच्या भांड्यात ज्वारीच्या धांड्याचे सोललेले, फवारणी न झालेले तुकडे तरंगत सोडावेत, म्हणजे माश्या त्यांवर उभ्या राहून पाक पितात आणि बुडत नाहीत. झाकणाला सुईने बारीक छिद्रे पाडलेली बाटली आतील झाकणाच्या भोकावर उपडी ठेवण्याची पद्धतही चांगली आहे. फक्त उन्हाळ्यात ती अर्धी रिकामी झाली की आतली हवा तापून पसरते आणि पाक चौकटींवर गळतो, हे ध्यानात असू द्यावे.

पराग अजिबात येत नसेल, तरच परागाला पर्याय द्यावा. तेल काढलेल्या सोयाबीनचे पीठ, ब्रूअर्स यीस्ट आणि पिठीसाखर ही पाकात मळून लिंबाएवढा गोळा करावा आणि तो चपटा करून चौकटींच्या माथ्यावर मेणकागदावर ठेवावा. पिठीसाखर घरीच दळलेली असावी, कारण विकतच्या पिठीसाखरेत पुष्कळदा स्टार्च असतो. ज्वारी-मक्याच्या या जिल्ह्यात ही वेळ क्वचितच येते.

प्रश्न : पावसाळ्यात झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबतात, कडेच्या चौकटींवर बुरशी येते आणि तळपाटावर पांढऱ्या अळ्या सापडतात. हवेसाठी काय करावे? (माढा तालुका, कालव्याकाठची शेती)

उत्तर : सोलापूरचा पाऊस वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. त्यामुळे जुलैचा वारा आणि सप्टेंबरची ओल यांची व्यवस्था वेगवेगळी करावी लागते. जुलैत ढग येतात, वारा सुटतो, पाऊस मात्र हुलकावणी देतो. तेव्हा वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून दार निम्मे केले की पुरते. आपण वर्णन केलेली ओल बहुधा परतीच्या पावसातली असावी.

हे थेंब बाहेरून आलेले नसतात. माश्यांचा श्वास आणि सुकत असलेला मकरंद यांची ती वाफ असते. मकरंदात अनेकदा निम्म्याहून अधिक पाणी असते, आणि पिकलेल्या मधात ते २० टक्क्यांच्या आत आणावे लागते. मधले सारे पाणी हवेतूनच बाहेर जायचे असते. ते बाहेर पडायला वाट नसली, तर थंड झाकणाला लागून पुन्हा माश्यांवर ठिबकते. येथे मात्र वरची वाट उपयोगाची आहे, कारण या दिवसांत बाहेरची हवा पेटीपेक्षा थंड असते आणि दमट उबदार हवा आपोआप वर चढते. बाहेरील झाकणाच्या जाळ्या तपासाव्यात, कोळ्याच्या जाळ्यांनी त्या बंद झालेल्या असतात. आतील झाकणाचे छिद्र मोकळे करावे. पेटी मागून दोन बोटे उंच करावी, म्हणजे आत आलेले पाणी दारातून वाहून जाईल. पेटी ज्यावर ठेवतो त्या घोडीच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या असतील, तर त्यांत गवताचे पाते टेकू देऊ नये. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. या दिवसांत पाक द्यावाच लागला, तर घट्टच द्यावा. पातळ पाकातले अर्धे पाणी पेटीतच उडते आणि ओल वाढते.

त्या अळ्या मेणपतंगाच्या आहेत, आणि त्यांचे कारण हवा नसून रिकामी पोळी हे आहे. माश्यांनी झाकली नाहीत, अशी सर्व पोळी काढून घ्यावीत आणि मध्ये विभाजक फळी टाकून वसाहत आटोपशीर करावी. दर आठवड्याला तळपाट खरवडावा. त्यावर पडलेल्या मेणाच्या चुऱ्यातच मेणपतंगाची वाढ होते. काढलेली चांगली पोळी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग हवाबंद पिशवीत भरावीत. डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. मेण तो वास आणि ते द्रव्य शोषून घेते, आणि पुढच्या हंगामात ते मधात उतरते.

प्रश्न : साखर दिलेल्या पेटीतला मध भेसळीचा ठरतो का? गिऱ्हाईक विचारतात. (अक्कलकोट)

उत्तर : पाक पिलावाघरात राहिला आणि माश्यांनी तो टंचाईत संपवला, तर नाही. मधकोठी चढवलेली असताना पाक दिला, तर तो मधकोठीत साठतो, आणि त्या द्रवाला मध म्हणून विकणे ही सरळ भेसळ आहे, मग तो माश्यांनीच भरलेला का असेना. साखर उसाची असल्याने ती प्रयोगशाळेत लपत नाही. ऊस आणि बहुतेक मकरंददायी झाडे यांच्यातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार मधात अशा सी-४ (उसासारख्या वनस्पतींपासूनच्या) साखरेचे प्रमाण ७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. तेव्हा फुलोरा सुरू होण्यापूर्वी पाक थांबवावा, पिलावाघरात उरलेला पाक माश्यांनी वापरू द्यावा, आणि मगच मधकोठी चढवावी. चौकट आडवी धरून हलकेच झटकल्यावर पातळ मकरंदाचे थेंब उडाले, तर नैसर्गिक आवक सुरू झाली असे समजावे. गिऱ्हाइकाला हे असेच्या असे सांगावे. पाक दिलाच नाही असे सांगणाऱ्यापेक्षा केव्हा दिला आणि केव्हा थांबवला हे सांगणारा मधपाळ अधिक विश्वासार्ह असतो.

प्रश्न : थंडीत पेटीवर चादर घालावी का? (उत्तर सोलापूर)

उत्तर : सोलापुरी चादर घरातच वापरावी. येथील डिसेंबर-जानेवारीच्या रात्री माश्या एकमेकींना बिलगून सहज काढतात. दार लहान करावे, रिकाम्या चौकटी काढाव्यात, पेटी सकाळच्या उन्हात ठेवावी आणि वरची जाळी मोकळी राहू द्यावी, कारण झाकून घेतलेल्या पेटीत ओल धरते. थंडीपेक्षा ओलसर थंडी माश्यांना अधिक बाधते.

प्रश्न : जानेवारीत पेट्या डाळिंबाच्या बागेतून करडईच्या शेतात टेम्पोने न्यायच्या आहेत. शिवाय बागेत फवारणी असते, त्या दिवशी पेट्या बंद कराव्या लागतात. कोंडलेल्या माश्या गुदमरून मरतील का? (मंगळवेढा तालुका)

उत्तर : मरतात, आणि त्या गुदमरून मरण्यापेक्षा स्वतःच्याच उष्णतेने मरतात. दार बंद झाले की माश्या बिथरतात, बिथरल्या की त्यांच्या हालचालीने पेटी तापते, आणि वारा घालायला दारच उरलेले नसते. काही वेळाने पोळी मऊ पडतात आणि मध माश्यांच्या अंगावर सांडतो. म्हणून बंद करायची पेटी ही नेहमी वरून उघडी करायची पेटी असते : बाहेरचे व आतील झाकण काढून त्या जागी पूर्ण आकाराची तारेची जाळी बसवलेली चौकट ठोकावी आणि दारालाही कापड किंवा माती न लावता जाळीच लावावी.

स्थलांतर जानेवारीत असल्याने आपले काम सोपे आहे. काढता येण्याजोगा मध दोन दिवस आधी काढून घ्यावा, कारण भरलेली चौकट प्रवासात तुटते. पाक आदल्या दिवशी देऊ नये; तो हिंदकळतो. दिवस मावळून सर्व माश्या परतल्यावर दार बंद करावे, चौकटी हलू नयेत म्हणून पाचर ठोकावी, आणि चौकटींची लांबी गाडीच्या दिशेने राहील अशा पेट्या रचाव्यात, म्हणजे ब्रेक लागल्यावर चौकटी एकमेकींवर आपटत नाहीत. रात्रीच पोहोचावे. नवी जागा जुन्या जागेपासून निदान तीन किलोमीटर दूर हवी, अन्यथा माश्या ओळखीच्या वाटेने पूर्वीच्याच ठिकाणी परततात आणि तेथे रिकाम्या जागेवर घिरट्या घालतात.

फवारणीसाठी पेटी कोंडणे हा शेवटचा उपाय समजावा. फवारणी सूर्यास्तानंतर करणे आणि उघड्या फुलांवर कीटकनाशक टाळणे, हे बागेच्या मालकाशी आधीच ठरवावे. कोंडावेच लागले, तर आदल्या रात्री बंद करून जाळीच्या चौकटीवर ओले गोणपाट अंतर सोडून पसरावे, त्यावर अधूनमधून पाणी शिंपडावे, आणि ऊन तापण्यापूर्वी पेटी उघडावी. मार्चनंतर भर दिवसा कोंडण्याचा विचारही करू नये. पेट्या रात्रीच बागेबाहेर हलवाव्यात आणि नव्या जागी पोहोचल्यावर, पेटी घोडीवर ठेवताच, दहा-पंधरा मिनिटे शांत राहू देऊन दाराची जाळी काढावी. झाकण मात्र सकाळी, माश्या उडू लागल्यावर, नेहमीसारखे बसवावे.